जुनोची पस्तीस मिनिटे: गुरूपाशी पोहोचणे आणि तिथे राहणे

गोदाकाठी (धागाकर्ता)

यान सुटते तेव्हा बघायला गर्दी लोटते, आणि ते मुक्कामी पोहोचते तेव्हा बघण्यासारखे काहीच नसते. धूर नाही, ज्वाळा नाहीत. नियंत्रण कक्षात काही माणसे पडद्यावरच्या एका रेघेकडे डोळे लावून बसलेली असतात, एवढेच. आपल्याकडच्या लेखनात म्हणूनच प्रक्षेपणावर पानेच्या पाने खर्ची पडतात आणि कक्षाप्रवेश, म्हणजे यानाने ग्रहाभोवती फिरू लागणे, एका वाक्यात उरकला जातो. माझे मत नेमके उलट आहे. गुरूसारख्या महाकाय ग्रहाच्या बाबतीत मोहिमेचा जीव पोहोचण्याच्या त्या घटकेत असतो, कारण तिथवर जाणे ही एक गोष्ट आणि तिथे राहणे ही अगदी निराळी गोष्ट.

पायोनियर-10 डिसेंबर 1973 मध्ये गुरूजवळून गेले. दोन्ही व्हॉयेजर यानेही 1979 मध्ये जवळून गेली आणि पुढच्या वाटेला लागली. गुरूभोवती फिरत राहणारे पहिले यान म्हणजे गॅलिलिओ, आणि त्याला 7 डिसेंबर 1995 हा दिवस उजाडावा लागला. नुसत्या भेटीपासून मुक्कामापर्यंत मधली बावीस वर्षे गेली, यावरूनच या कामाचे वजन लक्षात यावे.

मला लिहायचे आहे ते त्यानंतरच्या, नासाच्या जुनो यानाविषयी. हे यान 5 ऑगस्ट 2011 रोजी केप कॅनाव्हेरलहून निघाले. त्याला थेट गुरूपर्यंत भिरकावून देण्याइतके बळ प्रक्षेपकात नव्हते, म्हणून ते सूर्याभोवती एक वळसा घालून 9 ऑक्टोबर 2013 रोजी पुन्हा पृथ्वीजवळ आले आणि तिच्या गुरुत्वाकर्षणाचा फायदा घेऊन, वेग वाढवून पुढे गेले. 5 जुलै 2016, मंगळवार, भारतीय वेळेनुसार सकाळी 8 वाजून 48 मिनिटांनी त्याचे मुख्य इंजिन सुरू झाल्याचा संकेत पृथ्वीवर पोहोचला. इंजिन 35 मिनिटे चालायचे होते, आणि यान व पृथ्वी यांच्यामधले सुमारे 87 कोटी किमी अंतर कापायला रेडिओ संकेताला 48 मिनिटे लागत होती. म्हणजे 'सुरू झाले' ही बातमी आली तेव्हा प्रत्यक्षात ते इंजिन बंद होऊनही तेरा मिनिटे उलटली होती. जे व्हायचे ते होऊन गेले होते. माणसांना ते कळायचे तेवढे बाकी होते. मध्येच काही बिघडले असते तर हस्तक्षेप करण्याची सोयच नव्हती, त्यामुळे इंजिन अवेळी बंद पडल्यास संगणकाने ते स्वतःच पुन्हा सुरू करावे अशी तजवीज आधी करून ठेवावी लागली होती.

त्या पस्तीस मिनिटांची पूर्वतयारी बारकाईने पाहण्यासारखी आहे. वैज्ञानिक उपकरणे काही दिवस आधीच बंद केली गेली, कारण त्या वेळी विजेचा आणि संगणकाचा वाटा दुसऱ्या कशालाही द्यायचा नव्हता. मिनिटाला दोन गिरक्या घेणाऱ्या यानाची गती वाढवून पाच गिरक्या केली, म्हणजे इंजिन चालू असताना ते डगमगणार नाही. इंजिनाचे तोंड योग्य दिशेला करायचे तर सौरपट्ट्या सूर्याकडून आणि मोठी अँटेना पृथ्वीकडून वळवावी लागणार होती, त्यामुळे वीज बॅटरीची आणि संवाद फक्त सुरांचा. प्रत्येक टप्प्यासाठी ठरलेल्या वारंवारतेचा एकेक सूर. आकडे नाहीत, छायाचित्रे नाहीत. 9 वाजून 23 मिनिटांनी शेवटचा अपेक्षित सूर आला आणि जुनो गुरूचे झाल्याचे कळले.

आता खरा नवलाचा भाग. गुरूच्या ढगांपासून काही हजार किमी उंचीवरून जाताना जुनोचा वेग सेकंदाला सुमारे 58 किमी होता आणि इंजिनाने त्यातून कमी केला तो सेकंदाला फक्त 542 मीटर. शंभरातला एक भागही नाही. आपल्या मंगळयानाने 24 सप्टेंबर 2014 रोजी मंगळापाशी सेकंदाला सुमारे 1,100 मीटर वेग कमी केला होता, म्हणजे जुनोच्या दुप्पट. एवढ्या प्रचंड ग्रहापाशी एवढीशी कपात कशी पुरली, यावर चर्चा व्हावी अशी इच्छा आहे.

---

पंचवटीकर

उत्तम विषय घेतलात. माझा प्रश्न थोडा आपल्या गावाकडचा आहे, तरी तो विषयाला सोडून नाही असे वाटते. नाशिकचा सिंहस्थ गुरू सिंह राशीत आला की भरतो, आणि मागचा सिंहस्थ 14 जुलै 2015 च्या ध्वजारोहणाने सुरू होऊन ऑगस्ट 2016 मध्ये संपला. म्हणजे जुनो पोहोचले तेव्हा रामकुंडावरचा ध्वज अजून उतरलेला नव्हता. हा हिशेब बरोबर आहे का? आणि गुरू त्या वेळी आकाशात खरोखर सिंहेत होता, की ही केवळ पंचांगातली मांडणी आहे?

---

गोदाकाठी

हिशेब अगदी बरोबर आहे, आणि गुरू आकाशातही सिंहेतच होता. राशींचे बारा समान भाग आणि तारकासमूहांच्या आजच्या सीमा तंतोतंत जुळत नाहीत, पण त्या वर्षी दोन्ही हिशेबांनी उत्तर एकच येत होते. जुलै 2016 मध्ये सूर्यास्तानंतर पश्चिमेला सिंहेच्या ताऱ्यांपाशी तो ठळक दिसायला हवा होता. आषाढ नुकताच लागलेला, त्यामुळे नाशिककरांना दिसला असेल तर ढगांच्या फटीतूनच.

बारा वर्षांचे म्हणाल, तर गुरूची सूर्याभोवतीची एक फेरी 11.86 वर्षांची आहे. सात फेऱ्यांना सुमारे 83 वर्षे लागतात, चौऱ्याऐंशी नव्हेत. त्यामुळे बारा-बारा वर्षांच्या हिशेबात कधीतरी एक वर्ष गळते. पंचांगकर्त्यांनी हे कोणत्याही यानाच्या मदतीशिवाय, नुसत्या डोळ्यांनी पिढ्यानपिढ्या निरीक्षण करून बसवले होते, याचे मला कौतुक वाटते. फलज्योतिषाविषयी माझे मत वेगळे आहे आणि त्यावर वाद घालायचा तर दुसरा धागा काढावा, ही विनंती.

---

अकरावी_विज्ञान

काका, मला एक शंका आहे. गुरूचे गुरुत्वाकर्षण इतके जबरदस्त आहे तर ते यानाला आपोआप का पकडून ठेवत नाही? इंजिन चालवायची गरजच काय? आणि गुरूभोवती वातावरण आहे, मग त्यात थोडे शिरून घर्षणाने वेग कमी का करत नाहीत? इंधनाचे वजन वाचले असते.

---

सातपूरचा_टूलरूमवाला

पहिल्या शंकेचे उत्तर मी देतो. यान गुरूकडे पडत जाते तेव्हा त्याचा वेग वाढतो, आणि गुरूला वळसा घालून दूर जाऊ लागते तेव्हा तेवढाच कमी होतो. येताना जे मिळाले ते जाताना परत द्यावे लागते. सुरुवातीला दूर असताना त्याच्याकडे जो थोडासा जादा वेग होता तो शेवटीही शिल्लक राहतो, आणि त्याच्या जोरावर ते निसटते. पकडले जायचे तर मधल्या काळात ऊर्जेचा काही भाग काढून टाकला पाहिजे, आणि ते काम ग्रह करत नाही, इंजिनाला करावे लागते.

आता धागाकर्त्यांचा प्रश्न. इंजिनाचा रेटा सगळीकडे सारखाच असतो, पण त्या रेट्याने किती ऊर्जा काढून घेतली जाते हे त्या वेळात यानाने किती अंतर कापले यावर ठरते. 58 किमी वेगाने जाताना एका सेकंदाचा रेटा 58 किमी लांबीवर लागतो. गुरूपासून दूर, जिथे वेग याच्या दशांश असेल तिथे, तेच इंजिन तेवढाच वेळ चालवले तर दशांशच ऊर्जा निघेल. म्हणूनच ग्रहाच्या अगदी जवळ, वेग सर्वाधिक असताना ब्रेक लावायचा. ऐकायला उफराटे वाटते, पण गणित पक्के आहे. मंगळाची ओढ कमी, तिथे यानाचा वेगही इतका वाढत नाही, म्हणून मंगळयानाला वेगात जास्त कपात करावी लागली. शिवाय जुनोने पहिल्या दिवशी स्वतःला घट्ट बांधून घेतलेच नाही. 53 दिवसांची लांबलचक कक्षा घेतली, जिचे दूरचे टोक गुरूपासून सुमारे 80 लाख किमीवर होते. निसटणार नाही इतपतच बांधणी.

---

गोदाकाठी

सातपूरकरांनी माझे काम हलके केले. दुसऱ्या शंकेविषयी: गॅलिलिओने सोबत नेलेली एक छोटी कुपी 7 डिसेंबर 1995 रोजी गुरूच्या वातावरणात खरोखर शिरली होती. शिरतानाचा वेग सेकंदाला सुमारे 47 किमी. तिच्यावर पृथ्वीवरील गुरुत्वाच्या दोनशेहून अधिक पट दाब आला, आणि सुमारे 150 किलोच्या उष्णतारोधक कवचापैकी निम्म्याहून अधिक जळून गेले. त्यानंतर हवाई छत्री उघडली आणि जवळपास तासभर तिने माहिती पाठवली. भक्कम, गोळीबंद कुपी होती म्हणून ती तगली. जुनोच्या तीन सौरपट्ट्या, प्रत्येकी सुमारे नऊ मीटर लांब, अशा वातावरणात क्षणभरही टिकल्या नसत्या. मंगळावर काही यानांनी वातावरणाचा उपयोग करून कक्षा हळूहळू लहान केली हे खरे, पण पहिली पकड त्यांनीही इंजिनानेच साधली होती.

---

निफाडचा_बागाईतदार

जुनोचा पुढचा प्रसंग कोणी लिहीत नाही म्हणून मी लिहितो, कारण त्यात माझ्या ओळखीची वस्तू आहे. ऑक्टोबर 2016 मध्ये जुनोने इंजिन पुन्हा चालवून कक्षा 53 दिवसांवरून 14 दिवसांवर आणायची होती. त्याआधी इंधनाच्या टाक्यांवर हेलियम वायूचा दाब द्यायला गेले, तेव्हा हेलियमच्या वाटेवरचे दोन चेक व्हॉल्व्ह, जे काही सेकंदांत उघडायला हवे होते, त्यांनी कित्येक मिनिटे घेतली.

आमच्याकडे ठिबकच्या लाइनवर, खत सोडायच्या टाकीपुढे, हाच व्हॉल्व्ह असतो. आम्ही त्याला एनआरव्ही म्हणतो. पाणी एकाच बाजूला जाऊ द्यायचे, उलटे येऊ द्यायचे नाही, एवढेच त्याचे काम. तो अडखळू लागला की खोलून, क्षाराचा थर खरवडून, रबर बदलून पुन्हा बसवतो. ऐन फवारणीच्या धांदलीत हे काम निघाले की जीव मेटाकुटीला येतो. पण निदान हात तरी पोहोचतो. तिथे तो व्हॉल्व्ह कोट्यवधी किमीवर, आणि निर्णय असा करायचा की पुन्हा दाब द्यावा की देऊ नये. त्यांनी फेब्रुवारी 2017 मध्ये ठरवले की मुख्य इंजिन पुन्हा चालवायचेच नाही. आहे त्या 53 दिवसांच्या कक्षेतच राहायचे. मला हा निर्णय अतिशय शहाणपणाचा वाटतो. चालू असलेली मोटार उगाच उघडू नये हे आम्हाला उशिरा कळते.

---

त्र्यंबकरोड

इतकी धडपड करून शेवटी कक्षाही हवी ती मिळाली नाही, असेच म्हणायचे ना? ज्या कामाला महिना लागायचा त्याला चार महिने लागले. वस्तुस्थिती कौतुकात झाकली जाऊ नये असे मला वाटते. आणि या सगळ्यातून हाती काय आले, तेही कोणी सांगावे.

---

संध्यातारा

त्र्यंबकरोड यांचा मुद्दा रास्त आहे, पण अर्धाच. लांब कक्षेमुळे काम रेंगाळले हे खरे, मात्र जुनोचे महत्त्वाचे निरीक्षण गुरूच्या अगदी जवळून जाण्याच्या काही तासांत होते, आणि ते जवळचे अंतर दोन्ही कक्षांत सारखेच होते. म्हणजे प्रत्येक फेरीत मिळणारी माहिती कमी झाली नाही. दोन फेऱ्यांमधली प्रतीक्षा वाढली. उलट दूरच्या टोकाला जाताना गुरूच्या चुंबकीय क्षेत्राच्या बाहेरच्या सीमेचा अभ्यास करता आला, जो लहान कक्षेत शक्य नव्हता. गुरूभोवतीचे प्रारणपट्टे, म्हणजे वेगवान विद्युतभारित कणांचे पट्टे, हेही ध्यानात घ्यावे लागतात. जुनोचा संगणक आणि इलेक्ट्रॉनिक्स सुमारे एक सेंटिमीटर जाडीच्या टायटॅनियमच्या पेटीत बंद आहेत, कारण तिथला किरणोत्सार उघड्या यंत्रणेला फार काळ जगू देत नाही. त्याचा मोठा मारा होतो तो गुरूजवळून जाताना, म्हणजे फेऱ्या किती झाल्या यावर यानाचे आयुष्य खर्च होते, दिवस किती गेले यावर तितके नव्हे.

हाती काय आले, तर तीन गोष्टी मला सर्वांत मोठ्या वाटतात. गुरूच्या ढगांवरचे पट्टे वरवरचे नाहीत. तिथले वारे सुमारे 3,000 किमी खोलवर पोहोचतात, हे गुरुत्वाकर्षणातल्या बारीक फरकांवरून कळले. गुरूच्या पोटात खडकाचा घट्ट, आटोपशीर गाभा असेल अशी जी कल्पना होती तिच्या जागी विरळ, कडा विरघळल्यासारखा, बराच पसरलेला गाभा असल्याचे संकेत मिळाले. आणि ध्रुवांवर चक्रीवादळांचे घोळके सापडले: उत्तर ध्रुवावर मधल्या वादळाभोवती आठ, दक्षिणेला पहिल्या पाहणीत पाच. ध्रुवांची अशी छायाचित्रे त्याआधी कोणी घेतलीच नव्हती.

मी शाळेत शिकवते, म्हणून वीजनिर्मितीचा भाग मुलांना आवर्जून सांगते. जुनोच्या पट्ट्या पृथ्वीजवळ सुमारे 14 किलोवॉट वीज देऊ शकत होत्या. गुरूपाशी सूर्यप्रकाश पंचविसावा हिस्सा, तिथे मिळाली जेमतेम 500 वॉट. घरातल्या मिक्सरइतक्या विजेवर हे यान सगळा कारभार चालवते. गॅलिलिओ आणि शनीचे कॅसिनी ही याने प्लुटोनियमच्या उष्णतेवर चालत होती.

---

त्र्यंबकरोड

समाधानकारक उत्तर आहे. प्रतीक्षेविषयीचा आक्षेप मात्र मी मागे घेत नाही.

---

गोदाकाठी

आक्षेप राहू द्या, त्याला एक पुरवणी जोडतो. मुख्य इंजिनाने जे केले नाही ते गुरूच्या चंद्रांनी थोडेथोडे केले. 7 जून 2021 रोजी जुनो गॅनिमीडजवळून सुमारे 1,000 किमी अंतरावरून गेले आणि त्या चंद्राच्या ओढीने कक्षा 53 दिवसांवरून 43 वर आली. 29 सप्टेंबर 2022 रोजी युरोपाजवळून जाताना ती 38 दिवसांची झाली, आणि 30 डिसेंबर 2023 व 3 फेब्रुवारी 2024 रोजी आयोच्या ज्वालामुखींवरून, सुमारे 1,500 किमी उंचीने गेल्यावर 33 दिवसांवर आली. म्हणजे चंद्रांची भेटही झाली आणि कक्षाही आखडली. मूळ आराखड्यात या भेटी नव्हत्याच.

संध्याताऱ्यांनी कॅसिनीचे नाव काढले म्हणून त्याचाही कक्षाप्रवेश सांगतो. 1 जुलै 2004 रोजी (आपल्या वेळेनुसार) त्याचे इंजिन 96 मिनिटे चालले, आणि तेव्हा संकेताला शनीहून पृथ्वीवर यायला 84 मिनिटे लागत होती. त्या यानाला शनीच्या कड्यांच्या प्रतलातून, एफ आणि जी या दोन कड्यांमधल्या फटीतून पार व्हायचे होते. फटीत धूळ असेल या भीतीने त्याची चार मीटर व्यासाची अँटेना ढालीसारखी पुढे धरली गेली. ज्या वस्तूने पृथ्वीशी बोलायचे तीच वस्तू पुढे करून दगड झेलायचे, हा धीटपणा मला आजही थक्क करतो.

---

सातपूरचा_टूलरूमवाला

अँटेनाचा विषय निघाला म्हणून. गॅलिलिओची मोठी अँटेना छत्रीसारखी मिटलेली होती, आणि एप्रिल 1991 मध्ये ती उघडायला गेले तेव्हा काही काड्या अडकून बसल्या. 1986 च्या चॅलेंजर दुर्घटनेनंतर प्रक्षेपण लांबले, त्या काळात हे यान ट्रकवरून अमेरिकेच्या एका किनाऱ्यावरून दुसऱ्या किनाऱ्यावर नेले-आणले गेले. त्या हादऱ्यांनी पिनांवरचे कोरडे वंगण घासून गेले असावे, असा निष्कर्ष निघाला. आम्हा यंत्रकाम करणाऱ्यांना हे लगेच पटते. जॉब तयार होऊन नुसता पडून राहिला, किंवा खडबडीत रस्त्यावरून दोनदा फिरून आला, की त्याची मापे बरोबर असूनही तो बसत नाही. संपूर्ण मोहीम मग लहान अँटेनावर, अत्यंत मंद गतीने माहिती पाठवत पार पाडली गेली. पोहोचण्याच्या दोन महिने आधी टेपरेकॉर्डरनेही दगा दिला होता, त्यामुळे पोहोचतानाची आयो आणि युरोपाची छायाचित्रे सोडून द्यावी लागली. कुपीची माहिती टेपवर सुरक्षित उतरणे अधिक गरजेचे होते.

---

अकरावी_विज्ञान

सर्वांचे आभार. आता पुढचे यान केव्हा पोहोचणार? आणि तोवर आपल्याला इथून दुर्बिणीतून काय बघता येईल?

---

गोदाकाठी

दोन याने वाटेवर आहेत. युरोपीय अवकाश संस्थेचे ज्यूस 14 एप्रिल 2023 रोजी निघाले, ते जुलै 2031 मध्ये पोहोचेल. नासाचे युरोपा क्लिपर 14 ऑक्टोबर 2024 रोजी निघाले, म्हणजे दीड वर्ष उशिरा, पण ते एप्रिल 2030 मध्येच पोहोचेल. प्रक्षेपक अधिक ताकदीचा आणि मार्ग वेगळा, म्हणून मागून निघालेले पुढे. क्लिपर 1 मार्च 2025 रोजी मंगळाजवळून गेले, आणि डिसेंबर 2026 मध्ये पृथ्वीजवळून वेग घेऊन गुरूच्या वाटेला लागायचे असा त्याचा मार्ग आखलेला आहे. नाशिकच्या पुढच्या सिंहस्थाचे ध्वजारोहण 31 ऑक्टोबर 2026 रोजी ठरलेले आहे. त्यानंतर सुमारे महिनाभराने हे घडायचे आहे, आणि तेव्हा गुरू पुन्हा सिंहेत असेल.

निरीक्षणासाठी शहरातले दिवे मागे टाकून अंजनेरीच्या पायथ्याकडे किंवा पेठ रस्त्याला जावे. साध्या, चार इंची दुर्बिणीतूनही गुरूची किंचित चपटी चकती, तिच्यावरचे दोन करडे पट्टे आणि एका ओळीत चार चंद्र दिसतात. तास-दोन तासांनी पुन्हा बघितले की ओळीतली अंतरे बदललेली असतात. आयो सर्वांत चपळ, 42 तासांत फेरी पुरी करतो. वही जवळ ठेवून चार टिंबे काढत जा, आठवडाभरात कोणते टिंब कोणाचे हे तुमचे तुम्हालाच सांगता येईल.

क्लिपरविषयी एक गोष्ट आजच्या विषयाला धरून. ते जुनोपेक्षा बरेच जड आहे, इंधनासह जवळपास सहा टन. त्यावर एकच मोठे इंजिन नाही, 24 लहान इंजिने आहेत, आणि गुरूपाशी ब्रेक लावण्याचे काम सुमारे सहा तास चालणार आहे. जुनोच्या वेळी पहिली बातमी यायच्या आत सगळे आटोपले होते. क्लिपरच्या वेळी मात्र इंजिने चालूच असताना बातम्या येत राहतील, प्रत्येक बातमी अर्ध्या तासाहून अधिक शिळी. त्या सहा तासांत नियंत्रण कक्षातून काही आज्ञा देण्याचा विचार आहे, की सगळे जुनोसारखेच यानावर सोपवले जाणार आहे, याविषयी कोणी सविस्तर वाचले असेल तर इथे जरूर लिहावे.